नव्या ग्रामपंचायतीचे कार्यालय : जागा, निधी आणि दप्तर

गट ग्रामपंचायतीचे विभाजन होऊन एखाद्या गावाची स्वतंत्र ग्रामपंचायत अस्तित्वात येते, तेव्हा गावात आनंदाचे वातावरण असते. कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झालेली असते. दाखल्यासाठी चार-पाच किलोमीटरची पायपीट करावी लागणार नाही, रस्त्याच्या व पाण्याच्या कामात आपल्या गावाचा क्रम शेवटी लागणार नाही, अशी ग्रामस्थांची रास्त अपेक्षा असते. अधिसूचना प्रसिद्ध होते, पहिली निवडणूक होईपर्यंत प्रशासकाची नेमणूक होते, यथावकाश सरपंच व सदस्य निवडून येतात. आणि मग एक अगदी साधा प्रश्न समोर उभा राहतो : पहिली सभा भरवावयाची कोठे?

जुन्या गट ग्रामपंचायतीची इमारत मूळ गावात असते आणि ती तेथेच राहते. नव्या ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो तो ग्रामनिधीतील शिलकीचा हिस्सा, काही कागद आणि क्वचित एखादे कपाट. मग शाळेची एक खोली, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप किंवा कोणाच्या तरी घराची ओसरी ह्यांपैकी एका ठिकाणी फलक लावला जातो. ही सोय काही महिन्यांपुरती आहे, असे सर्वांनाच वाटत असते. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालते. महाराष्ट्रात सुमारे २८,००० ग्रामपंचायती आहेत आणि स्वतःची इमारत नसलेल्या ग्रामपंचायतींसाठी राज्य शासनाला २०१८ मध्ये स्वतंत्र योजना आखावी लागली, ह्यावरून ह्या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

दप्तर कोणाच्या घरी?

कार्यालयाची इमारत म्हणजे प्रतिष्ठेची बाब, असा एक समज आहे. रस्ते आणि पाणी आधी द्यावे, इमारतीची घाई कशाला, असे म्हणणारे सदस्यही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असला तरी ह्या म्हणण्यात एक गोष्ट सुटते. ग्रामपंचायतीचे खरे धन तिच्या दप्तरात असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ नुसार ग्रामपंचायतीला तेहतीस नमुन्यांत नोंदी ठेवाव्या लागतात. त्यांपैकी नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, प्रत्येक कुटुंबाच्या घराशी निगडित असते. जन्म-मृत्यूच्या नोंदी ह्याच कार्यालयात होतात. त्यांखेरीज ग्रामसभेचे इतिवृत्त, पाणीपट्टीचा हिशेब, कामांची मोजमापे हे सारे कायम जपावयाचे कागद आहेत.

हे कागद ज्याच्या ओसरीवर, त्याच्या हाती गावाची नाडी, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी कापडी रुमालांत बांधलेले असे आणि आपल्याच जमिनीची नोंद पाहावयास रयतेला त्याच्या दारात उभे राहावे लागे. कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा तत्कालीन मुंबई राज्याने १९५० मध्ये केला, त्यामागील अनेक कारणांत हेही एक कारण होते, असे म्हणावयास हरकत नसावी. त्याच गावांत लोकनियुक्त पंचायतीचे दप्तर पुन्हा खाजगी घरात जावे, ही गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. घरमालक कितीही सज्जन असो, निवडणुकीत ज्याने विरोधी उमेदवाराला मत दिले, तो त्या उंबऱ्यावर संकोचाने पाऊल टाकणार. मागासवर्गीय वस्तीतील वृद्धेला, विधवेला किंवा दुसऱ्या भावकीतील तरुणाला तेथे हक्काने बसता येत नाही. महिला सदस्यांचा अनुभव तर अधिक बोलका आहे. परक्याच्या घरी सभा असेल, तर स्वतःच्या घरून निघणेच कठीण होते आणि ठरावावर सही तेवढी घरपोच घेतली जाते.

शाळेच्या खोलीत कार्यालय असले म्हणजे हा दोष येत नाही, पण दुसरा येतो. दोन शिक्षकी शाळेची एक खोली गेली की चार इयत्ता एका छताखाली येतात. शिक्षकवर्गाने ह्याबाबत तक्रार केली तर ती सहकार्याचा अभाव समजण्याचे कारण नाही. उलट अशा तात्पुरत्या व्यवस्थेला मुदत घालून घ्यावी आणि ती मुदत ठरावात लिहावी, हे दोघांच्याही हिताचे आहे.

वारशाने आलेल्या इमारती

येथे थोडा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या वेळी नव्या संस्था अगदी मोकळ्या हाताने उभ्या राहिल्या नाहीत. जुन्या जिल्हा लोकल बोर्डांची आणि विदर्भात जनपद सभांची मालमत्ता, कर्मचारी व दप्तरे त्यांना वारशाने मिळाली. अपुऱ्या का होईना, भिंती होत्या.

विभाजनातून जन्मणाऱ्या संस्थेची स्थिती ह्याच्या उलट असते. वारसा थोरल्या भावाकडे राहतो आणि धाकट्याने नवे घर बांधावयाचे असते. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली असे जिल्हे वेगळे झाले, तेव्हा हाच अनुभव जिल्ह्याच्या पातळीवर आला. जिल्ह्यासाठी शासनाची सारी यंत्रणा कामाला लागते. सात-आठशे वस्तीच्या ग्रामपंचायतीसाठी मात्र सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि एक शिपाई एवढीच यंत्रणा असते.

निधीचे मार्ग

ग्रामपंचायत कार्यालयासाठी पैसा कोठून येतो, ह्याविषयी सदस्यांमध्ये बरीच संदिग्धता आढळते. जुन्या काळातील बऱ्याच पंचायतघरांची बांधणी १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहर रोजगार योजनेतून झाली. पुढे २००९ पासून महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली राजीव गांधी सेवा केंद्रे बांधण्याची मुभा मिळाली. ह्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा संमत झाला असला, तरी त्यातील एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या योजनेत खर्चाचे प्रमाण मजुरीवर किमान ६० आणि साहित्यावर कमाल ४० टक्के असे राखावे लागे. इमारतीच्या कामात सिमेंट, पोलाद, दारे-खिडक्या ह्यांवरच अधिक खर्च होतो. त्यामुळे तालुक्यात मातीकामे भरपूर झाली असतील तरच इमारतीला वाव मिळे.

आज ज्याचा प्रथम विचार व्हावा, ती राज्य शासनाची बाळासाहेब ठाकरे स्मृती मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना होय. २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा एक हजारापेक्षा कमी लोकसंख्येच्या ग्रामपंचायतीसाठी १२ लाख रुपये आणि एक ते दोन हजार लोकसंख्येसाठी १८ लाख रुपये असे इमारतीचे मूल्य धरण्यात आले होते. त्यांपैकी ९० टक्के शासनाने द्यावयाचे व १० टक्के ग्रामपंचायतीने स्वनिधीतून घालावयाचे, अशी विभागणी होती. दोन हजारांहून मोठ्या ग्रामपंचायतींनी खाजगी भागीदारीतून इमारत उभारावी, अशी त्या वेळची कल्पना होती. पुढे बांधकामाचे दर वाढत गेले तसे योजनेतील मूल्यही वाढविण्यात आले, म्हणून प्रस्ताव करताना चालू शासन निर्णय पंचायत समितीतून मागून घ्यावा.

दुसरा मार्ग जिल्हा वार्षिक योजनेतील जनसुविधेच्या विशेष अनुदानाचा. त्यातून स्मशानभूमीप्रमाणेच ग्रामपंचायत कार्यालयाचे बांधकामही घेता येते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना ह्याखेरीज आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी मिळतो. २०१५ पासून सुरू झालेल्या ह्या निधीचा विनियोग ग्रामसभेच्या आराखड्याप्रमाणे करावयाचा असतो व पायाभूत सुविधांमध्ये ग्रामपंचायत कार्यालयाचाही समावेश आहे. तथापि हा पैसा पाड्यापाड्यांत विभागला जातो आणि प्रत्येक पाड्याला आपली गरज असते. सर्वांच्या वाट्याचा निधी मध्यवर्ती इमारतीकडे वळवावयाचा असेल, तर तशी संमती प्रत्येक ग्रामसभेत खुलेपणाने घेतली पाहिजे.

वित्त आयोगाच्या अनुदानावर मात्र ह्या कामी फार भिस्त ठेवू नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पाच वर्षांसाठी जे अनुदान दिले, त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता ह्यांसाठी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या इतर सर्व गरजा होत्या. शिवाय रीतसर निवडून आलेली संस्था अस्तित्वात असल्याखेरीज हे अनुदान मिळत नसे. म्हणजे ज्या काळात प्रशासक कारभार पाहत असतो, नेमक्या त्याच काळात ही वाट बंद असते.

दहा टक्क्यांचे गणित

योजनेतील दहा टक्के हिस्सा कागदावर किरकोळ दिसतो. बारा लाखांवर तो १ लाख २० हजार रुपये होतो. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, नव्या ग्रामपंचायतीत १८० घरे आहेत आणि घरपट्टी सरासरी ४०० रुपये आहे. वर्षाची एकूण मागणी झाली ७२,००० रुपये. वसुली शंभर टक्के झाली असे धरले, जे फार थोड्या ठिकाणी घडते, तरी स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणजे २१,६०० रुपये गेले. उरलेल्या ५०,४०० रुपयांतून शिपायाचे वेतन, दिवाबत्ती, पाणी योजनेची दुरुस्ती आणि कागदपेन्सिल. ह्यातून १ लाख २० हजार बाजूला काढावयाचे म्हणजे काही वर्षांची काटकसर झाली.

त्यातही नव्या ग्रामपंचायतीची पहिली अडचण अशी की, तिची स्वतंत्र कर आकारणीच झालेली नसते. जुन्या नोंदवहीतून आपल्या गावाच्या घरांच्या नोंदी वेगळ्या काढणे, नवी घरे मोजणे, हरकती मागविणे, आकारणी अंतिम करणे ह्यांत पहिले वर्ष सहज जाते. जुन्या थकबाकीपैकी कोणती रक्कम कोणी वसूल करावयाची, ह्यावरून दोन्ही ग्रामपंचायतींत पत्रव्यवहार चालू राहतो. म्हणून आमचे असे मत आहे की, नव्या संस्थेने इमारतीच्या प्रस्तावाआधी आकारणीचे काम हाती घ्यावे. स्वहिस्सा तेथूनच उभा राहावयाचा आहे.

हिस्सा कमी पडत असेल तर जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज मिळण्याची सोय ग्रामपंचायत अधिनियमात आहे. राज्यातील ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा अल्पसा अंश ह्या निधीत जमा करतात आणि त्यातूनच एकमेकींना उसनवार देतात. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला शोभेल अशी ही व्यवस्था आहे. मात्र कर्जाचा हप्ता घरपट्टीतूनच फेडावयाचा असल्याने गणित पुन्हा वसुलीपाशी येते. लोकवर्गणीतून हिस्सा भरण्याची प्रथाही आहे. ती स्तुत्य असली तरी एकाच धनिकाकडून मोठी रक्कम घेऊन त्याचे नाव दर्शनी भिंतीवर कोरणे टाळलेले बरे. ओसरीवरून उठून आलेले कार्यालय अशाने पुन्हा ओसरीवरच जाऊन बसते.

जागेचा प्रश्न

मंजूर झालेली कामे रखडण्याचे सर्वांत मोठे कारण पैसा नसून जागा हे आहे. अनुदान मंजूर होते, पहिला हप्ता येतो आणि मग जागेचा शोध सुरू होतो. वास्तविक हा क्रम उलटा हवा.

गावठाणात मोकळी शासकीय जागा असेल तर ती सर्वांत सोयीची. अशी जागा ग्रामपंचायतीकडे निहित करण्याची तरतूद अधिनियमात आहे. शासकीय पड जमीन हवी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी लागते. गायरानाकडे मात्र सहज म्हणून पाहू नये. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबमधील एका प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी कडक भूमिका घेतली आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरान जमिनींच्या वापरावर बंधने घालणारा निर्णय काढला. त्यामुळे ‘गायरान आपलेच आहे, बांधू या’ हे सूत्र आता चालत नाही.

जमीन दान मिळण्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. परंतु कोऱ्या कागदावरचे संमतिपत्र म्हणजे दान नव्हे. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताखेरीज पूर्ण होत नाही आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबारावर ग्रामपंचायतीचे नाव लागले पाहिजे. दाता हयात असतो तोवर सर्व सुरळीत चालते. त्याच्या वारसांनी पायाचा खड्डा बुजवून टाकल्याची हकीकत तालुक्याच्या ठिकाणी ऐकावयास मिळते, ती ह्याच त्रुटीमुळे. दाता आदिवासी असेल तर त्याच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल कायद्याचे निर्बंध आहेत, हे आधीच तपासून घ्यावे.

डोंगराळ भागात गावाभोवती सारी वनजमीनच असते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन ठरावीक तेरा सार्वजनिक सोयींसाठी वळविता येते. ह्या तेरा सोयींत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, समाजकेंद्र ही नावे आहेत. ‘ग्रामपंचायत कार्यालय’ हे शब्द त्या यादीत नाहीत. तेव्हा वनजमिनीवर कार्यालयाचा प्रस्ताव करण्यापूर्वी वन विभागाचे म्हणणे लेखी घ्यावे. अन्यथा मोजणी, आराखडा व अंदाजपत्रक ह्यांवर केलेले श्रम वाया जातात.

पालघरचे उदाहरण

जागेच्या मोलातून इमारती उभ्या करण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात पालघर येथे झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा निर्माण झाला आणि त्याबरोबर नवी जिल्हा परिषदही आली. जिल्हा मुख्यालय उभारण्याचे काम शासनाने सिडकोकडे सोपविले. सुमारे ४४० हेक्टर शासकीय जमिनीपैकी सुमारे १०३ हेक्टरवर सिडकोने जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक कार्यालय आदी इमारती बांधून द्यावयाच्या आणि त्याच्या मोबदल्यात उरलेल्या सुमारे ३३७ हेक्टरवर नवे नगर विकसित करावयाचे, असे ह्या योजनेचे स्वरूप होते. ह्या संकुलाचे उद्घाटन १९ ऑगस्ट २०२१ रोजी झाले.

हा मार्ग आकर्षक आहे ह्यात शंका नाही. परंतु तो पालघरात शक्य झाला, कारण तेथे पश्चिम रेल्वेचे स्थानक आहे, मुंबईची बाजारपेठ जवळ आहे आणि जमिनीला भाव आहे. त्याच जिल्ह्यातील मोखाड्यात किंवा जव्हारच्या एखाद्या पाड्यावर जमिनीच्या बदल्यात इमारत बांधून देण्यास कोण पुढे येणार? दुसरे असे की, विकलेली जमीन पुन्हा विकता येत नाही. आणि एवढी अनुकूलता असूनही जिल्ह्याच्या स्थापनेपासून संकुलापर्यंत सात वर्षे गेली. ह्या काळात नव्या जिल्ह्याचा कारभार तात्पुरत्या जागांतूनच चालला.

मोठ्या गावांतील ग्रामपंचायतींना खाजगी भागीदारीतून इमारत बांधण्याची जी सूचना होती, ती ह्याच विचाराची लहान आवृत्ती म्हणता येईल. तळमजल्यावर गाळे, वर कार्यालय. आठवडे बाजाराच्या गावी ही कल्पना चालते. जेथे दोन किराणा दुकाने आणि एक पिठाची गिरणी एवढाच व्यापार आहे, तेथे गाळे रिकामे राहतात. शिवाय कार्यालय वरच्या मजल्यावर गेले की वृद्ध आणि दिव्यांग नागरिक पायऱ्यांपाशीच थांबतात, ह्याचाही विचार व्हावा.

बांधकामाचा आराखडा

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश ही साखळी सर्वपरिचित आहे आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे अभियंते त्याबाबत मार्गदर्शन करतात. सदस्यांनी लक्ष घालावे असे विषय वेगळे आहेत. नमुना आराखड्यात सरपंचांचे दालन व सभागृह असते. दप्तराची खोली मात्र बहुधा जिन्याखाली जाते. कोकणात व घाटमाथ्यावर चार महिने ओल असते. तेथे कागदांना कोरडी, हवेशीर आणि कुलूपबंद खोली लागते. आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक दर्शनी भागी असावा, म्हणजे दाखल्यासाठी आलेल्या माणसाला आत डोकवावे लागत नाही. महिलांसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि दारापर्यंत उतरंड ह्या गोष्टी अंदाजपत्रकातच हव्यात. मागाहून त्यांना पैसा मिळत नाही.

इमारत ताब्यात घेताना मोजमाप पुस्तिका आणि प्रत्यक्ष काम ह्यांचा मेळ शाखा अभियंत्याच्या समक्ष घालावा आणि त्या दिवशी मासिक सभा नव्या जागेतच ठेवावी. विजेची जोडणी ठेकेदाराच्या नावावर राहून गेल्याने पुढे थकबाकीचे वाद झाल्याचे आढळते. ती ग्रामपंचायतीच्या नावे करून घ्यावी. मालमत्ता नोंदवहीत इमारतीची नोंद करावी, पुढील अंदाजपत्रकात देखभालीसाठी रक्कम दाखवावी आणि शाळेची खोली किल्लीसह, ठरावाने व पोच घेऊन, मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावी.